सावळी

आमच्या घरात शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर तीन खुंट्या आहेत. पहिलीवर छत्री, दुसरीवर आईची भाजीची पिशवी आणि तिसरीवर सावळी. येणारे-जाणारे छत्रीचा रंग बघतात, पिशवीवरचं भरतकाम कुणी केलं म्हणून आईला विचारतात. सावळीची चौकशी मात्र गेल्या अकरा वर्षांत एकाही पाहुण्यानं केलेली नाही. तिथे काही टांगलेलं आहे हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. माझ्या लेखी हा तिचा फार मोठा गुण आहे.

सावळी म्हणजे माझी सॅक. २४ लिटरची, आषाढातल्या ढगाच्या रंगाची. उंचीला ४७ सेंटीमीटर, रुंदीला २९ आणि जाडीला जेमतेम १८. रिकामी असताना वजन किलोच्या आत. पाठीला लागून लॅपटॉपचा कप्पा, मधे एक मोठं पोट, पुढे एक उभा कप्पा आणि दोन्ही अंगांना बाटलीसाठी एकेक खिसा. बाहेर लोंबणारं, चमकणारं काही नाही. कंपनीचं नाव आहे, पण ते कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं भरलेलं. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर लागतं.

तिच्याआधीची सॅक अगदी उलट स्वभावाची होती. निळी-केशरी, अंगावर सतरा खिसे, प्रत्येक चेनीला धातूचा झुबका. दुकानातून आणली तेव्हा घरात सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. आठव्या महिन्यात, दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत तिचा उजवा पट्टा वरून निसटला. डबा घरंगळत पाच पायऱ्या खाली गेला, फाइल ओल्या पायऱ्यांवर पडली. मागून माणसांचा लोंढा येत होता. दोन मुलींनी वाकून कागद गोळा करून दिले नसते, तर त्या आठवड्याची सगळी पाहणी पुन्हा करावी लागली असती. माझं काम आरोग्य पाहणीचं. आज मुंबईतल्या वस्तीत, उद्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर. माझ्या पाठीवर जे असतं ते पुष्कळदा दुसऱ्यांचं असतं. कुणाच्या बाळाचं वजन, कुणाच्या लसीची तारीख.

दादर स्टेशनबाहेर बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणारे एक काका बसतात. तुटलेली सॅक त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सरळ बघितलीच नाही. आतला सगळा भाग बाहेर काढून उलटी केली आणि तुटलेली जागा माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"ताई, हे बघा. पट्टा नुसता काठात सरकवलाय आणि वरून एकच शिलाई मारलीय. रोजचं पाच-सहा किलो वजन एका दोऱ्यावर. तो तरी किती दिवस धरणार?"

मग त्यांनी स्वतःची हत्यारांची जुनी पिशवी दाखवली. पट्टा जिथे पिशवीला लागतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारलेली होती. शेजारी बोटाच्या पेरापेक्षाही लहान जागेत दोऱ्याचा गच्च पट्टा होता, एकावर एक टाके घालून भरलेला. "याला बारटॅक म्हणतात," ते म्हणाले. "ओढ कुठेही बसली तरी ती एका टाक्यावर येत नाही, सगळ्यांत वाटली जाते. बाहेरून सगळ्याच बॅगा चांगल्या दिसतात. दुकानात गेलात की आधी उलटी करा."

त्या रविवारी मी दुकानात गेले आणि पहिल्यांदाच सॅक उलटी करून बघितली. दुकानदार नाराज होईल असं वाटलं होतं. उलट त्यानं वरच्या फळीवरून, मागे सरकवून ठेवलेली एक राखाडी सॅक काढून दिली. "मग ही बघा. हिला कुणी हात लावत नाही."

आत हात घातला. कापडाचे कच्चे काठ कुठेच लागले नाहीत. प्रत्येक शिवणीवरून गोट फिरवलेला होता, आईच्या रजईला असतो तसा. टाके एका मापाचे, इंचात सात-आठ, कुठे सुटलेला दोरा नाही. खांद्याचे पट्टे, वरची मूठ, खालच्या कोपऱ्यातल्या नवारीच्या पट्ट्या, अशा सगळ्या ओढीच्या जागांवर तो गच्च भरलेला टाका होता. तळाचं कापड दुहेरी होतं. चेन बंद केली आणि एका बोटानं कोपऱ्यावरून फिरवली. वळणावर ती अडखळली नाही. रनर उलटा करून बघितला तर मागे आठचा आकडा होता. चेन मिटल्यावर तिच्या दातांची रुंदी साधारण जितके मिलिमीटर, तेवढा तो आकडा. छोट्या खिशांना पाच चालते. मोठ्या तोंडाला, जिथे आपण घाईत भरून-दाबून चेन ओढतो, तिथे आठ किंवा दहा हवी. सॅक बहुतेक वेळा कापडानं मरत नाही, चेनीनं मरते.

कापडाच्या चिठ्ठीवर ५०० डेनियर नायलॉन लिहिलं होतं. या शब्दाचा अर्थ मी पुढे समजून घेतला आणि तो मला फार आवडला. नऊ हजार मीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचं डेनियर. दादर ते सीएसएमटी हे मध्य रेल्वेचं अंतर साधारण नऊ किलोमीटर. म्हणजे दादरला धाग्याचं एक टोक धरून गाडीत बसावं, परळ, भायखळा, मशीद करत सीएसएमटीला उतरावं आणि तो सगळा धागा गोळा करून तराजूत टाकावा. काटा अर्ध्या किलोवर थांबला तर धागा ५०० डेनियरचा. शाळेच्या दप्तरांना बहुधा ६०० डेनियरचं पॉलिएस्टर असतं. सामान घासून नेणाऱ्यांसाठी १००० डेनियरचं नायलॉन मिळतं आणि १६८० चं बॅलिस्टिक नायलॉनही. नुसता आकडा मोठा म्हणून कापड चांगलं ठरत नाही, हेही खरं. नायलॉनचा चांगला धागा घासण्यापुढे त्याच जाडीच्या पॉलिएस्टरहून जास्त टिकतो आणि आकडा वाढला की रिकाम्या सॅकचं वजनही वाढतं. रोज पाठीवर घ्यायचं तर ५०० पुरे होतं. ठरवलेल्या पैशांपेक्षा दुप्पट मोजून मी ती घरी आणली.

तिचं घराणं जुनं आहे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओत्झी नावाच्या माणसाजवळ, म्हणजे सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या वाटसरूजवळ, हेझलच्या वाकवलेल्या फांदीची एक चौकट मिळाली. ती पाठीवरच्या ओझ्याची असावी असं मानतात. आपल्याकडे या घराण्यात पडशी येते. पुढे एक तोंड, मागे एक तोंड, मधे खांदा. वारीच्या वाटेवर अजूनही दिसते. पडशी बांधणाऱ्याला वजन दोन्हीकडे सारखं हवं हे कुणी शिकवावं लागलं नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीला कमरपट्टा जोडला आणि ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवलं. स्वीडनमध्ये १९७८ साली शाळकरी मुलांच्या पाठी वाचवायला कोंकेन नावाची साधी चौकोनी सॅक निघाली. आपल्या देशाच्या २०२० च्या दप्तर धोरणानंही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर दप्तर जाऊ नये असं सांगितलं. नावं वेगळी, पण पाच हजार वर्षं सगळे एकाच प्रश्नाशी झटत आले आहेत. हात मोकळे ठेवून, पाठ न दुखवता, आपलं सामान बरोबर कसं न्यायचं?

सावळी हा प्रश्न तिच्या पद्धतीनं सोडवते, अंगाला चिकटून राहून. वजन पाठीच्या कण्यापासून जितकं लांब, तितकं ते मागे ओढतं आणि आपण नकळत पुढे वाकतो. जाडी १८ सेंटीमीटर असल्यामुळे तिला लांब जाताच येत नाही. लॅपटॉप आणि फाइल पाठीला लागून, डबा मधे, हलकं ते पुढे. पट्टे इतके ओढलेले की तिचा तळ कमरेच्या खाली लोंबत नाही. असं भरलं की पाच किलो पाच किलोसारखे वाटत नाहीत.

या कमी जाडीचं मोल डोंबिवलीच्या बाईला विचारावं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढताना सॅक पाठीवर ठेवायची नाही, पुढे घ्यायची, हा इथला अलिखित नियम. फुगलेली सॅक पुढे घेतली की समोरच्या बाईच्या मानेत बसते आणि मग ठाण्यापर्यंत दोघींची धुसफूस. सावळी पुढे घेतली की दोन हातांच्या घडीत मावते. आत सरकायला मिळालं तर ती हातोहात रॅकवर जाते. "ताई, ही टाका ना वर," म्हणायचं, चार अनोळखी हातांनी ती पुढे द्यायची आणि उतरायच्या आधी तशीच परत घ्यायची. रॅकवर काळ्या-करड्या वीस सॅक असतात. चोराची नजर तिच्यावर ठरत नाही, पण चुकून दुसरीच कुणी ती उचलायचीही भीती असते. म्हणून आईनं तिच्या वरच्या मुठीला आतल्या बाजूनं लाल दोरा बांधून दिला आणि आतल्या खिशात माझ्या फोन नंबरची चिठ्ठी शिवली. अकरा वर्षांत ती रोज माझ्याकडेच परत आली आहे.

नागपूरला विमानानं जायचं झालं तर ती केबिनच्या मापात सहज बसते. आपल्याकडच्या देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा असते. मोठी सॅक घेतली की ती भरावीशी वाटते आणि काउंटरवर काटा वर जातो. २४ लिटरमध्ये तीन दिवसांचे कपडे बसतात, चौथ्या दिवसाचे बसत नाहीत, आणि चौथ्या दिवशी मला कपडे धुता येतात. लिटरचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. सॅकमध्ये छोटे प्लास्टिकचे गोळे भरून मग ते मापात ओतून तो काढायची रीत आहे, पण बाहेरचे खिसे धरायचे की नाही हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. सगळ्यात खात्रीचं माप म्हणजे आपलं रोजचं सामान दुकानात घेऊन जावं आणि भरून बघावं.

घेतली तेव्हा तिला नाव नव्हतं. नाव मिळालं पहिल्या पावसाळ्यात. जुलैत आम्ही सहा जणी हरिश्चंद्रगडाला निघालो. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी एसटी, माळशेज घाट चढून खुबी फाट्यावर उतरायचं, पुढे पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेनं खिरेश्वरपर्यंत पायी. तिथून तोलार खिंड. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा लागतो, रेलिंगला धरून चढायचा. त्या दिवशी कातळावरून पाणी वाहत होतं आणि वारा अंगावर फेकल्यासारखा येत होता. मैत्रिणीच्या सॅकवरचं रेनकव्हर फुग्यासारखं फुगलं आणि सुटून दरीत गेलं. एकीच्या सॅकला बाहेर चटई, मग, दोऱ्या असं पुष्कळ टांगलेलं होतं. ते रेलिंगमध्ये अडकलं आणि तिला निम्म्या कातळावर थांबून सोडवावं लागलं. सावळी माझ्या पाठीला लागून गुपचूप वर आली.

सॅक पूर्ण पाणी अडवते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. कापडाला आतून लेप असला तरी शिवणीचा प्रत्येक टाका म्हणजे सुईचं एक भोक आणि सह्याद्रीचा पाऊस भोकं शोधत येतो. म्हणून जुने ट्रेकर आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालतात, सगळं सामान तिच्यात भरतात आणि तोंड पिळून दुमडतात. मीही तेच केलं होतं. दुसऱ्या रात्री घरी पोचले तेव्हा सॅकमधून जिन्यात पाणी ठिबकत होतं. आईनं ती हातातून घेतली, आतली पिशवी उघडली आणि घडीचा टॉवेल गालाला लावून बघितला. कोरडा होता. भिजून काळीभोर झालेली ती सॅक तिनं खुंटीला टांगली, खाली परात ठेवली आणि म्हणाली, "सावळी आहे गं, गुणाची." तेव्हापासून ती सावळी.

२०१९ मध्ये बाबा नऊ रात्री हॉस्पिटलात होते. दिवसा भाऊ, रात्री मी. त्या रात्रींनी मला तिचा एक गुण दाखवला, जो मी दुकानात बघितलाच नव्हता. तिच्या रनरना धातूचे झुबके नाहीत, जाड दोरीच्या गाठी आहेत, आणि चेन नायलॉनची. रात्री दोन वाजता गोळ्यांचं पाकीट काढायला चेन उघडली तरी शेजारच्या खाटेवरचं माणूस कूस बदलत नसे. पुढच्या उभ्या कप्प्यात रिपोर्ट, एका अंगाला बाबांची पाण्याची बाटली, दुसऱ्या अंगाला माझी. पहाटे दोन तास तीच उशाला. डॉक्टर आले की अंधारातही हात बरोबर त्या फाइलवर जायचा. दहाव्या दिवशी बाबांना घरी आणलं तेव्हा रिक्षात ती त्यांच्या मांडीवर होती.

ती म्हातारी होतेय, हे दिसतं. खांद्याचे पट्टे जिथे घासतात तिथे रंग उडालाय, डाव्या पट्ट्यातला फोम माझ्या खांद्याच्या आकारात बसलाय. तरी समुद्रकाठच्या दमट हवेत सॅकचा खरा शत्रू वापर नसतो, कपाट असतं. कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू तुटतो. माझ्या बहिणीची जवळजवळ नवी सॅक दोन पावसाळे माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. काढली तेव्हा आतून चिकट झाली होती, आंबूस वास मारत होती आणि लेपाचे पापुद्रे कपड्यांना लागत होते. सावळीला मी कधी कोंडून ठेवलं नाही. महिन्यातून एकदा रिकामी करून झटकायची, सहा महिन्यांनी कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, मग चेनी उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगायची. मशीनमध्ये नाही, उन्हात नाही.

आठव्या वर्षी मोठी चेन मागून उघडायला लागली. रनर पुढे जायचा आणि त्याच्यामागे दात पुन्हा फाकायचे. मी तिला दादरच्या काकांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर सरकवून चेनीच्या दातांवरून नख फिरवलं.

"दात एकदम शाबूत आहेत. रनरचा जबडा सैल झालाय फक्त. दात चावून-चावून त्याची धार गेली."

आधी त्यांनी पकडीनं रनरची दोन्ही टोकं हलकेच दाबून बघितली. तेवढ्यानं चेन धरू लागली, पण त्यांचं समाधान झालं नाही. चेनीच्या टोकाची शिवण चार टाके उसवली, जुना रनर सरकवून काढला, डब्यातून आठ नंबरचा नवा शोधून दोन्ही बाजूंचे दात त्याच्या तोंडात एकसारखे भरवले, दोनदा पुढे-मागे केला आणि उसवलेलं टोक हातानंच शिवून टाकलं. दहा मिनिटं लागली. पैसे दिले ते एका वेळच्या चहा-नाश्त्याएवढे. मग त्यांनी सवयीनं ती उलटी केली, पट्ट्याच्या मुळाशी अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "ही कुणीतरी मन लावून शिवलीय."

तो कुणीतरी कुठे बसून शिवत होता, मला ठाऊक नाही. पण पट्ट्याच्या मुळाशी हात गेला की त्याची आठवण होते. जिथे कुणी बघणार नव्हतं तिथे त्यानं टाके वाचवले नाहीत. त्याच्या त्या प्रामाणिकपणावर माझी अकरा वर्षं टांगलेली होती आणि पडली नाहीत.

या जूनमध्ये भाची कॉलेजसाठी पुण्याला निघाली. सॅक घ्यायला ती मला घेऊन गेली. दुकानाच्या दर्शनी भागात गुलाबी, चंदेरी, उजेडात रंग बदलणाऱ्या सॅक होत्या. तिनं एक उचलली, आरशात पाठीवर घेऊन बघितली. मी काही बोलले नाही. तिच्या वयात मी सतरा खिसे मोजले होते. तिनं ती खाली ठेवली, चेन उघडली आणि आतला भाग बाहेर ओढून घेतला. पट्ट्याच्या मुळाशी बोट नेलं. एकच शिलाई होती. ती सॅक परत टांगून ती मागच्या फळीकडे गेली. पाऊण तासानं तिनं एक गडद हिरवी सॅक काउंटरवर ठेवली. सडपातळ, साधी, आत सगळीकडे गोट मारलेली. लॅपटॉप, बाटली, डबा, स्वेटर असं घरून आणलेलं सगळं तिच्यात भरलं, पट्टे ओढून घेतले आणि दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या.

घरी आल्यावर तिनं ती सावळीच्या खुंटीवर, सावळीशेजारी अडकवली. आईनं जवळ जाऊन दोघींना हात लावून बघितला.

"आजी, हिला काय नाव ठेवायचं?" भाचीनं विचारलं.

आईनं खिडकीबाहेर बघितलं. डोंबिवलीवर ढग भरून आले होते, पण पाऊस अजून सुरू व्हायचा होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "एक पावसाळा जाऊ दे."